झडतीवाली धुरपाअक्का

धुरपाअक्काने मला कधी ‘कसा आहेस’ असं विचारल्याचं आठवत नाही. दवाखान्यासमोरून जाताना ती थांबायची. आधी माझ्या हातांकडे बघायची, मग खिशाकडे, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. “कोठून वना?” एवढाच तिचा प्रश्न असायचा. पोस्टातून आलो असं सांगितलं, तर ती पोस्टाच्या रस्त्याकडे एकदा बघायची आणि निघून जायची. मी खरोखर पोस्टातूनच आलेला असायचो, तरी ती गेल्यावर आपलं काहीतरी चुकलं असं मला उगाच वाटत राहायचं.

मी तेव्हा धुळ्यात, मिलच्या मागच्या कामगार वस्तीत, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मिल आज चालू, उद्या बंद अशी चालायची. वस्तीच्या चार गल्ल्या होत्या. त्या चारही एका बाजूने मिलच्या भिंतीला टेकलेल्या आणि दुसऱ्या बाजूने मुंबई-आग्रा हायवेकडे उघडणाऱ्या होत्या. हायवेवर ट्रकांची रांग, धाबे, पंक्चरची दुकानं. तिसऱ्या गल्लीत अक्का राहायची.

अक्काचं काम असं होतं, की ते करणाऱ्या बाईवर कुणी प्रेम करणं अवघडच. मिलच्या फाटकाशी गोणपाटाचा एक आडोसा होता. पाळी सुटली की बाया एकेक करून त्या आडोशामागे जायच्या आणि अक्का त्यांची झडती घ्यायची. कुणी सूत पळवतंय का, हे बघायला तिला नेमलं होतं. वीस वर्षं तिने हे केलं. शेजारणीची, मैत्रिणीची, चुलत जावेची, सगळ्यांची झडती घेतली. वस्तीत तिला ‘झडतीवाली’ म्हणायचे. बारशाला, हळदीला तिला बोलावणं जायचं ते उशिरा, आणि ती यायची नाही याची खात्री करूनच. तिच्याशी भांडण कुणाचं नव्हतं, पण तिच्याजवळ कुणी बसत नसे. तिलाही त्याचं काही वाटत नसावं. कुणाच्या घरी ती चहासुद्धा घेत नसे. घेतलेल्या चहाला आडोशामागे जागावं लागतं, असं तिचं म्हणणं होतं.

एकदा चौथ्या गल्लीतल्या मीराच्या कमरेला सूत निघालं. पोटातल्या बाळाला टोपडं विणायचं म्हणून तिने ते गुंडाळून घेतलं होतं. अक्काने ते काढलं आणि जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, हातात दिलं. मीराचं काम गेलं. लोकांनी अक्काला विचारलं, की एवढंसं सूत, त्यात बाई दिवसांची, डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं. अक्का म्हणाली, तिच्यावर डोळेझाक केली असती तर उद्या आडोशामागे दुसरीला हात लावायला मला तोंड राहिलं नसतं. मीरा त्यानंतर अक्काच्या सावलीलाही उभी राहिली नाही.

अक्काच्या घरात माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ भटू. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला, मूल नव्हतं. आई-बाप गेल्यावर भटूला तिने गावाहून आणला, शिकवला, रिक्षा चालवायला लावला. त्याचं लग्नही तिनेच केलं होतं, पण बायको माहेरी गेली ती परतली नव्हती. जगात झडती न घेता अक्का ज्याच्या हातचं पाणी पीत असे, तो एकटा भटू.

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आमच्याकडे आलं ते कुणाला कळलंच नाही. म्हणजे अक्काशिवाय. एका दुपारी ती दवाखान्यात आली आणि तिने पदरातून सिगारेटची पाचसहा रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. संडासाच्या भिंतीमागे सापडली, म्हणाली. मी विचारलं, मग काय झालं. तिने पाकिटं उघडून दाखवली. आतला चांदीचा कागद एकातही नव्हता.

“सिगारेट पेणारा कागद घरी काबर ली जाई?” ती म्हणाली.

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि ते खुर्चीतून उठले. मुंबईतल्या मित्रांकडून त्यांना ठाऊक होतं. चांदीच्या कागदावर तपकिरी भुकटी ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. महिनाभरात आमची खात्री पटली. मिल बंद असली की पोरं नुसती बसून असत. त्यांच्यातला सुकदेव, मीराचा नवरा, एका सकाळी त्याच भिंतीला टेकून बसलेला सापडला. डोळे अर्धे उघडे, मांडीवर जळका कागद. बोलावल्यावर उठला नाही, तेव्हा लोकांना कळलं. मीराची मुलगी तेव्हा बालवाडीत जात होती.

दहनाहून परतल्यावर मारुतीच्या ओट्यावर सभा झाली. अर्ज करायचा ठरला. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहिला. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून माल येतो असा सगळ्यांना संशय होता, तो त्यात मांडला. चाळीसेक सह्या झाल्या. अक्काने मात्र सही केली नाही. “नावं लिखानी घाई करू नका,” एवढंच ती म्हणाली. अर्ज ठाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सह्या करणाऱ्यांपैकी तिघांना रस्त्यात गाठून, नावानिशी दम देण्यात आला. यादीतली पहिली तीन नावं, यादीतल्याच क्रमाने.

यादी कुणी दाखवली, हे आजही मला माहीत नाही. ती ठाण्यातून फुटली की वस्तीतून, कोण जाणे. पण त्या दिवसापासून वस्तीत कुणी कुणाशी मोकळेपणाने बोलेनासं झालं. दोघं बोलत असले आणि तिसरा आला, तर विषय भाजीवर यायचा. आणि अर्ज लिहिणारा मी, पांढऱ्या भुकटीच्या पुड्या बांधून देणाराही मीच. लोक औषध घ्यायला आले तरी बाकावर न टेकता उभे राहू लागले.

आठवडाभराने अक्का भर दुपारी दोन बायांना घेऊन आली. डॉक्टर जेवायला गेले होते. मी दार ओढायला गेलो, तर तिने अडवलं. “उघडं ऱ्हाऊ दे. बठ्ठासले दिसू दे.” मग सगळ्यांना दिसेल असं तिने कपाटं, बरण्या, ड्रॉवर, माझी पिशवी, माझ्या चपला, सगळं पाहिलं. तिचे हात जलद चालत. कशालाही दोनदा हात लागत नसे. बांधून ठेवलेल्या पुड्या तिने एका ताटात ओतल्या, त्यातल्या सात-आठ वेगवेगळ्या जागच्या उचलल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

“खाय.”

मी खाल्ल्या. काहींत सोडा होता, काहींत खडूसारखं काहीतरी कडू. ती समोर स्टुलावर बसली आणि अर्धा तास माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. रस्त्यावर माणसं जमली होती. शेवटी ती उठली आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “कंपोंडर आजपुरता मोकया शे.” त्या ‘आजपुरता’चा मला राग आला होता. पण संध्याकाळी लोक बाकावर बसले. मला दोन दिवस पोटाचा त्रास झाला, तो वेगळा.

त्यानंतर अक्काने जे केलं ते कुठल्याही अर्जात लिहिण्याजोगं नव्हतं. तिने बायांना गोळा केलं. चारही गल्ल्यांच्या तोंडाशी सकाळपासून दिवे लागेपर्यंत बाया बसायच्या. हातात काम असायचंच. मिरच्यांची देठं खुडणं, शेंगा फोडणं, गोधडीला टाके घालणं. अनोळखी माणूस आत यायला लागला की एकीने विचारायचं, कुणाकडे? त्याने नाव सांगितलं की तिने उठून त्याच्याबरोबर त्या दारापर्यंत जायचं आणि घरच्यांना विचारायचं, हा तुमचा का? बस, एवढंच. शिवी नाही, मारहाण नाही. पण विकत घ्यायला येणाऱ्याला सोबत बाई चालणं सोसत नसे. आठवडाभरात अनोळखी येणं निम्म्यावर आलं.

दुसरी गोष्ट अवघड होती. तिने सांगितलं, वस्तीतल्या माणसांचीही झडती होईल. बाया बायांची घेतील आणि तालमीतली दोन म्हातारी माणसं पुरुषांची. युनियनचा एक पुढारी संतापला. आम्ही कामगार, चोर नाही, मालकाची झडती पुरे झाली, तुला अधिकार कुणी दिला, असं तो ओट्यावर उभा राहून बोलला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.  अक्का ओट्याखाली मधोमध उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले.

“पहिले मनी ल्या,” ती म्हणाली.

कुणी पुढे होईना. वीस वर्षं जिने सगळ्यांच्या अंगावरून हात फिरवले, तिला हात लावायला सगळ्या बिचकल्या. मग गर्दीतून मीरा आली. तिने अक्काची झडती घेतली ती सावकाश, पदरापासून टाचेपर्यंत, केसांची गाठ सोडून. कमरेशी तिचा हात जरा जास्त थांबला असं मला वाटलं. अक्का समोर बघत उभी होती. झाल्यावर मीरा म्हणाली, काही नाही. त्यानंतर पुढारीही रांगेत लागला.

तेव्हापासून मीरा पहाऱ्यावर बसू लागली. दोघी एकाच गल्लीच्या तोंडाशी बसत, पण एकमेकींशी कामापुरतंच बोलत. अक्का तिला शिकवायची. माणसाच्या तोंडाकडे बघू नको, चालीकडे बघ. जिथे लपवलेलं असतं, तो भाग माणूस जपून नेतो. “तोंड खोटं बोलस, पाय नही बोलत,” हे ती वारंवार म्हणायची. मीरा ऐकून घ्यायची. शिकत होती की अक्काच्या चुकीची वाट बघत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नसे.

चूक झालीच. चैत्र सरला, ऊन वाढलं, तरी जळके कागद अधूनमधून सापडत होते. म्हणजे माल अजून आत येत होता. अक्काचा संशय उखाभाऊवर गेला. उखा गारेगार विकायचा. त्याची ढकलगाडी रोज दुपारी चारही गल्ल्यांतून फिरायची, पोरं भोवती जमायची. आणि त्याच्या लाकडी पेटीत बर्फाखाली भुश्याचा जाड थर असायचा. एका दुपारी अक्काने गाडी अडवली आणि पेटी भर रस्त्यात उपडी केली. बर्फाच्या लाद्या, कांड्या, रंगाच्या बाटल्या, भुसा. तिने भुसा मुठीमुठीने चाळला. काही नव्हतं. बर्फ आमच्यासमोर वितळत होता. उखाने बाटल्या उचलल्या, रिकामी पेटी गाडीवर ठेवली.

“अक्का, सावलीमा तरी उपडी करती,” तो म्हणाला आणि गाडी वळवून गेला. परत तो आमच्या वस्तीत आला नाही.

अक्का दोनदा त्याच्या घरी गेली, नदीपलीकडे देवपुरात. तो बाहेर आला नाही, बायकोने घरी नाहीत म्हणून सांगितलं. अक्काला आतून त्याचं खोकणं ऐकू येत होतं. हे तिने मला सांगितलं ते माझ्याकडे न बघता, आणि शेवटी म्हणाली, “बरोबर शे त्यानं.”

इथे मला माझंही सांगायला हवं. भटू त्या उन्हाळ्यात दोनतीनदा माझ्याकडे खोकल्याचं औषध घ्यायला आला होता. भर उन्हात अंगात स्वेटर, कधी नाक वाहणारं, कधी डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हे कशाचं लक्षण, ते डॉक्टरांनी मला तोवर शिकवलं होतं. मला संशय आला होता. पण अक्काच्या भावावर संशय घ्यायचा म्हणजे काय, असं म्हणून मी औषधाची बाटली भरून दिली आणि गप्प बसलो. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

गप्प बसली नाही ती मीरा. जेवणवेळेला भटूची रिक्षा आली. रोज यायची. बाया पाय आखडून वाट करून द्यायच्या, कारण ती अक्काच्या घरची रिक्षा. त्या दिवशी मीरा उठून रिक्षेच्या पुढे उभी राहिली. मी दवाखान्याच्या पायरीवर होतो. भटू हसला, म्हणाला, वहिनी, जेवायला चाललोय.  मीरा अक्काकडे वळली.

“चार दिवसांपासून बघतेय,” ती म्हणाली. “हा जेवायला येतो तेव्हा आधी संडासाच्या भिंतीकडे जातो, मग घरी. बठ्ठासनी झडती म्हणालात ना तुम्ही?”

अक्काच्या हातात मिरच्यांचं सूप होतं. तिने ते खाली ठेवायला फार वेळ लावला. मला वाटलं, ती मीराला म्हणणार, तू सूड घेतेस. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. एकदोघी तर पुटपुटल्याही. अक्का उठली. तिने भटूला उतरायला सांगितलं आणि चार पावलं चालायला लावलं. त्या चालण्याकडे तिने पाहिलं, आणि माझी खात्री आहे की तिला तिथेच कळलं. तरी तिने तालमीतल्या म्हाताऱ्यांना बोलावलं नाही. स्वतःच रिक्षेत वाकली. मागच्या सीटची गादी उचलली, मग पुढची. पुढच्या सीटखाली हत्यारांचा डबा होता. त्यात, पान्यांच्या खाली, चिंधीत बांधलेल्या पुड्या होत्या.

 भटू बडबडू लागला, की मी विकत नाही, नुसतं भिंतीत ठेवतो, त्याबद्दल तो मला माझ्यापुरतं देतो. कोण तो, अक्काने विचारलं. भटू जमिनीकडे बघू लागला. तिने त्याच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि परत विचारलं. भटूने पंक्चरवाल्याचं नाव घेतलं.

“जोरमा सांग,” ती म्हणाली.

त्याने जोरात सांगितलं. मग अक्काने गल्लीतल्या सगळ्या बायांना उठवलं. डबा तिने मीराच्या हातात दिला, स्वतःकडे ठेवला नाही. भटूला मधे घेऊन पन्नासेक बाया ठाण्यात गेल्या. ठाण्यावरही तिचा भरवसा नव्हता. डबा सगळ्यांसमोर उघडा, पुड्या सगळ्यांसमोर मोजा, आणि जबानीत पंक्चरवाल्याचं नाव लिहिलेलं वाचून दाखवा, तोवर एकही बाई उठणार नाही, असं तिने सांगितलं. ते वाचण्यासाठी मला बोलावणं आलं. मी वाचलं. मग बाया फौजदाराबरोबरच हायवेवर गेल्या. जुन्या टायरांच्या आत बाकीचा माल निघाला, तेव्हा ऊन अजून उतरलंही नव्हतं.

परतताना अक्का सगळ्यांच्या मागे होती. दारापाशी आल्यावर ती थांबली. “सकाये त्याले भाकर मीच वाढी दी,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस दार उघडलं नाही.

त्या दोन दिवसांत वस्तीने काय काय बोलून घेतलं. बहिणीला माहीत नसेल होय? जिला संडासामागची पाकिटं दिसतात, तिला घरातला भाऊ दिसत नाही? उखाची पेटी मुद्दाम उपडी केली, म्हणजे लोकांचं लक्ष तिकडे जावं. अर्जावर सही का नव्हती केली? सगळं अगदी जुळत होतं. मीही एकदा मनात जुळवून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि मीरापुढे हात वर करून उभी राहिली. मीरा म्हणाली, मी नाही घेत.

“ले,” अक्का म्हणाली. “लोके म्हनतस ते बरोबर शे. मीबी तेच म्हनती.”

मीराने झडती घेतली. त्यानंतर वर्षभर, रोज सकाळी, पहाऱ्यावर बसण्याआधी अक्काची झडती मीरा घ्यायची. कुठल्याशा दिवशी ते झाल्यावर मीराने तिला आपल्या किटलीतला चहा दिला आणि अक्काने तो घेतला, असं मला बायांनी सांगितलं. मी पाहिलं नाही.

पंक्चरवाल्याला आणि भटूला मोठी शिक्षा झाली. गर्दचा धंदा धुळ्यातून गेला असं मी म्हणणार नाही, पण आमच्या चार गल्ल्यांतून गेला. ज्या पोरांना सवय लागली होती, त्यांतली तीन सुटली, एक पळून गेला, एक मेला. मिलही पुढे कायमची बंद पडली. अक्का दर महिन्याला नाशिकला तुरुंगात भावाला भेटायला जायची. मी जळगावला एका औषधांच्या दुकानात लागलो आणि धुळं सुटलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी काही कामाने धुळ्याला गेलो होतो. स्टँडवर, पिंपळनेरच्या गाडीपाशी, अक्का दिसली. केस सगळे पांढरे, पण पाठ तशीच ताठ. शेजारी दोन बोचकी, आणि बोचक्यांपाशी उकिडवा बसलेला एक वाळलेला माणूस. भटू. सुटून महिना झाला होता. त्याने मला ओळखलं आणि मान खाली घातली.

मी अक्काला नमस्कार केला. कुठे निघालात, म्हणून विचारलं. तिने सांगितलं, की पिंपळनेरकडे एका ओळखीच्याने भटूला शेतावर राखणीला ठेवलंय. वस्तीतली खोली तिने सोडली होती. मला राहवलं नाही. मी तिला जरा बाजूला घेऊन म्हटलं, की अक्का, या वयात तुम्ही कशाला रानात जाता, मीरा आहे, बाया आहेत, सगळ्या तुम्हाला मानतात, इथेच राहा की. त्याला जाऊ दे एकट्याला, तो आता सुधारलाय.

तिने भटूकडे पाहिलं. तो स्टँडवरच्या पानटपरीकडे बघत होता.

“मना त्यानावर इसवास नही,” ती म्हणाली. “म्हनीसन तं संगे जाई ऱ्हायनू.”

गाडी लागली. गर्दीत तिने आधी बोचकी चढवली, मग भटूला पुढे घातलं. मी खालून बघत होतो. तिने त्याला खिडकीशी बसवलं, स्वतः वाटेच्या बाजूला बसली आणि समोरच्या सीटच्या दांडीवर हात आडवा टाकला. पुढच्या स्टॉपला कुणाला उतरायचंच झालं, तर तो हात आधी उचलावा लागला असता. गाडी साक्री रस्त्याला वळेपर्यंत तो हात तसाच होता.